बिल्टी वाचून देणारी माणसं: एका दीर्घकथेची पटकथा होताना

पार्श्वभूमी

जळगावातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा रविवारांचा पटकथा वर्ग घेतला. विषय मुद्दाम अरुंद ठेवला होता. स्वतःच्या डोक्यातली नवी गोष्ट आणायची नाही. आधी कोणीतरी लिहिलेलं, सांगितलेलं किंवा छापलेलं काही घ्यायचं आणि त्यावरून पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा उभी करायची. चौदा जण आले. कोणी आजोबांची रोजनिशी आणली, कोणी वर्तमानपत्राची कात्रणं, एका मुलीने आजीकडून उतरवून घेतलेल्या कानबाईच्या, म्हणजे श्रावणात बसवतात त्या खान्देशी देवीच्या, गाण्यांची वही. कानबाईच्या रविवारी वर्गात मी आणि पंखा एवढेच होतो, तो रविवार पुढे भरून काढावा लागला.

हे प्रकरण त्या चौदांपैकी एकाचं. ओळख पटू नये म्हणून गावं, नाती आणि कथेतले काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे मास्तर म्हणतो. शिरपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, वय चाळिशीचं, घरात अहिराणी, दर रविवारी चोपड्यामार्गे एसटीने यायचे.

मास्तरांनी आणलेलं पुस्तक पिवळं पडलेलं होतं. यावल तालुक्यातल्या एका लेखकाचा हा कथासंग्रह, त्यातली सत्तर पानांची शेवटची दीर्घकथा. लेखक २००४ साली वारले. कथा थोडक्यात अशी: सावद्याहून केळीच्या वॅगनसोबत दिल्लीला गेलेला एक माणूस परत येत नाही. त्याची बायको एका आखाजीपासून (अक्षय तृतीयेचा खान्देशी सण) दुसऱ्या आखाजीपर्यंत वाट बघते. सगळी कथा तिच्या मनात चालते. बाहेर ती सारवते, पाणी भरते, भुसावळ-खंडवा मार्गावरच्या मालगाडीची शिट्टी ऐकते. शेवटच्या पानावर पुन्हा आखाजी येते, माहेरवाशिणींसाठी निंबाला झोका बांधला जातो आणि कथा थांबते. नवरा आला की नाही, हे लेखक सांगत नाही.

मास्तरांनी ही कथा कॉलेजात असताना वाचली होती आणि तेव्हापासून यावर सिनेमा व्हावा असं त्यांच्या मनात होतं. वर्गात इतकं जुनं वेड घेऊन आलेलं दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या अडचणी बऱ्याच अंशी या वेडातूनच निघाल्या, आणि त्या पार झाल्या त्याही याच्याच जोरावर.

अडचण

सातव्या रविवारी बाकीचे एकओळी आराखड्यावर (दर प्रसंगाला एक ओळ) अडकले होते, मास्तर मात्र पूर्ण खर्डाच घेऊन आले. एकशे बारा पानं. मी तिथेच चाळली. एकेचाळीस पानांवर निवेदन होतं: पडद्यावर बाई भांडी घासतेय आणि मागून तिचाच आवाज कथेतले परिच्छेद वाचतोय. मूळ लेखकाची भाषा इतकी सुंदर की मास्तरांना एकही वाक्य सोडवेना.

हे एक टोक. दुसरं टोक त्याहून वाईट होतं, आणि त्याला जबाबदार मी. दुसऱ्या रविवारी मी फळ्यावर तीन अंक काढून दाखवले होते. पंचवीस-तीस पानांवर पहिलं वळण, मधोमध मोठा धक्का, पाऊणशे पानांच्या पुढे सगळं संपल्यासारखं वाटणारा क्षण. मास्तरांनी ते वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि मूळ कथेत वळणं नाहीत म्हटल्यावर बाहेरून आणली. तिसाव्या पानावर वाईट नजरेचा सावकार आला. छप्पन्नाव्या पानावर वादळात केळीची बाग आडवी झाली. शहाण्णवाव्या पानावर नवरा परत आला, सोबत दिल्लीची दुसरी बायको.

म्हणजे एका बाजूला कथेची वाक्यंसुद्धा सोडली नव्हती आणि दुसऱ्या बाजूला कथा सोडून दिली होती.

तिसरी गोष्ट त्याच दिवशी निघाली. खर्डा मोठ्याने वाचत असताना सावद्याच्या एक निवृत्त शिक्षिका मध्येच हसल्या. संवादांत "मना घरमा", "तो कोठे गया" असं चाललं होतं. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही बाई धुळ्याकडची दिसतेय. आमच्याकडे दिलीय का?" खरंच होतं. कथा घडते यावल-रावेरच्या पट्ट्यात, तिथे लेवा बोली. मास्तरांनी स्वतःच्या घरातली अहिराणी लिहिली होती. पुण्या-मुंबईच्या माणसाला दोन्ही "खान्देशी" वाटेल. तापीच्या काठच्या माणसाला पहिल्या ओळीत कळेल.

चौथी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती मी नवव्या रविवारासाठी राखून ठेवली होती. परवानगी.

समोरचे पर्याय

सातव्या रविवारनंतर आम्ही दोघं वाचनालयाखालच्या चहाच्या टपरीवर बराच वेळ बसलो. मी विचारलं, "परवानगीचं काय?" मास्तर म्हणाले, "थोरल्या चिरंजीवांनी पत्र दिलंय." पाकिटातून कागद काढला. वहीच्या पानावर चार ओळी: आमच्या वडिलांच्या कथेवर आपण चित्रपट करत आहात याचा आनंद वाटतो, आमची हरकत नाही. खाली एक सही.

हे पत्र मायेचं होतं, पण कागद म्हणून कुचकामी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे साहित्याचं रूपांतर करण्याचा हक्क लेखकाचा, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. लेखक २००४ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०६४ संपेपर्यंत वारसांकडे. वारस तीन: दोन मुलगे, एक मुलगी. सही एकाची. शिवाय पुस्तकाच्या आतल्या पानावर "सर्व हक्क" असं लिहून लेखकाच्या पत्नीचं नाव छापलेलं. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत ही पद्धत सर्रास दिसते आणि पुढे डोकेदुखी होते. त्या बाईही आता नाहीत. ओळखीच्या वकिलांनी कागद पाहून सांगितलं, कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी याच तिघांपाशी याल, तेव्हा तिघांच्या सह्या घ्या.

टपरीवर चार वाटा निघाल्या.

पहिली, कथा बाजूला ठेवून "वाट बघणारी बाई" एवढीच कल्पना घ्यायची आणि सगळं नव्याने लिहायचं. कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. पण मास्तरांच्या खर्ड्यात वॅगन होती, शिट्टी होती, आखाजी ते आखाजी हा काळ होता, झोक्याचा शेवट होता. ती नुसती कल्पना उरली नव्हती. नाव बदललं की सुटलो, हा समज वर्गातल्या निम्म्या लोकांचा होता. तो मी तेव्हाच मोडायला हवा होता.

दुसरी, हक्कमुक्त साहित्याकडे वळायचं. उदाहरणं खान्देशातलीच देता येतात. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे हिशोब थोडा सरकतो. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मला सिनेमा नाही करायचा. मला या कथेचा सिनेमा करायचाय." वाट बंद.

तिसरी, खर्डा आहे तसाच पुढे रेटायचा, निर्माता मिळाला की तोच हक्कांचं बघेल. बरेच जण हेच करतात. यात धोका असा की निर्माता होकार देतो त्या दिवशी वारसांच्या हातात सगळा दोर जातो, आणि लेखकाची दीड-दोन वर्षं त्या दोराला टांगलेली असतात.

चौथी, आधी कागद, मग दुसरा खर्डा. वेळ जाणार, पैसे जाणार, आणि वारसांनी नाही म्हटलं तर हातात काहीच नाही.

मी चौथीचा आग्रह धरला. मास्तर दोन आठवडे गप्प राहिले, मग तयार झाले.

केलेली कामं

कागद. साधा ऑप्शन करार केला, म्हणजे थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी हक्क राखून ठेवणारा करार. अठरा महिन्यांची मुदत, अकरा हजार एक रुपये आगाऊ, चित्रीकरण सुरू होईल तेव्हा ठरलेली पुढची रक्कम. मुदत आणि प्रदेश दोन्ही शब्दांत लिहिले, कारण कलम १९ प्रमाणे हक्कहस्तांतर लेखी लागतं, मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, ते कोणी वाचत नाही: वेगळं काही लिहिलं नसेल तर एका वर्षात हक्क न वापरल्यास ते आपोआप रद्द होतात. चित्रपट एका वर्षात उभा राहत नाही. म्हणून "हे पोटकलम लागू नाही" अशी ओळ घातली.

थोरल्या भावाने लगेच सही केली. धाकटे सुरतला असतात, त्यांनी फोनवर हो म्हटलं, सही पोस्टाने आली. अडल्या ताई, लेखकाच्या कन्या. त्या म्हणाल्या, "आधी लिहिलंय ते वाचू द्या."

मास्तर त्यांच्या घरी पहिला खर्डा ठेवून आले. आठ दिवसांनी बोलावणं आलं, मीही सोबत गेलो. ताईंनी भरीत-भाकरी वाढली, जेवण होईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग शहाण्णवावं पान उघडलं. "नवरा परत आलाय इथे."

"हो ताई, प्रेक्षकांना शेवट लागतो," मास्तर म्हणाले.

"बाबांना आम्ही लहानपणी रोज विचारायचो, तो आला का. त्यांनी कधी सांगितलं नाही. तुम्हाला कुठून कळलं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलला. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर कलम ५७ प्रमाणे हक्क देऊन झाल्यावरही कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा येत असेल तर दाद मागता येते. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या कलमाचा आधार मान्य केला. पण त्या ओट्यावर कायद्याची गरजच नव्हती. ताईंचा प्रश्न पटकथेचा होता आणि बरोबर होता.

रंगीत पेन्सिली. पुढच्या रविवारी मी फळा पुसला आणि मास्तरांना मूळ कथेची झेरॉक्स आणि दोन पेन्सिली दिल्या. जे दिसतं किंवा ऐकू येतं त्याखाली हिरवी रेघ, जे फक्त मनात आहे त्याखाली लाल. सत्तर पानं. दोन रविवार गेले. कागद जवळजवळ लाल झाला, आणि त्यामुळेच हिरव्या रेघा उठून दिसायला लागल्या. बावीसाव्या पानावर एक हिरवी ओळ होती, आधीच्या दोन वाचनांत आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात न आलेली: ट्रंकेत लुगड्यांखाली बिल्टी आहे, आणि ती तिला वाचता येत नाही.

बिल्टी म्हणजे मालाची रेल्वे पावती. लेखकाने ती एकदाच लिहिली आणि पुढे गेला. मास्तर त्या ओळीवर थांबले. तिला वाचता येत नाही, तर ती कोणाकडून तरी वाचून घेईल. कोणाकडून? एकाकडून नाही. केळी विकणाऱ्या फ्रूटसेल सोसायटीच्या कारकुनाकडून, सावदा स्टेशनच्या मालबाबूकडून, चौथीतल्या पोराकडून, शेवटी दिल्लीहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून. प्रत्येक जण तोच कागद वाचणार आणि प्रत्येकाच्या तोंडून तिला वेगळं ऐकू येणार. वाट बघणं हे आतलं काम होतं, आता ती पायाने वाट बघायला लागली. सावकार गेला, वादळ गेलं, दुसरी बायको गेली. निवेदन एकेचाळीस पानांवरून शून्यावर आलं.

सोसायटीचा प्रसंग दुसऱ्या खर्ड्यात असा आहे:

*आत. सोसायटीचं कार्यालय. दुपार.*
*कारकून चष्मा पुसतो. बिल्टी उजेडात धरतो.*
*कारकून: माल केळी. सावदा ते दिल्ली. वजन भरलेलं. भाडं चुकतं.*
*ती वाट बघते. तो कागद परत देतो.*
*ती: अन् मानूस?*
*कारकून: बिल्टीवर माल असतो, वहिनी.*
*ती कागदाची होती तीच घडी घालते.*

मूळ कथेत हा प्रसंग नाही. तरी ताईंनी वाचला तेव्हा म्हणाल्या, "हे बाबांचंच आहे."

बोली. तीन गोष्टी शक्य होत्या. सगळं प्रमाण मराठीत, सगळं लेवा बोलीत, किंवा माणूस आणि जागा पाहून. पहिली गोष्ट वर्गातल्या दोघांना हवी होती, सिनेमा सगळ्या महाराष्ट्राला कळावा म्हणून. मास्तरांनी तिसरी निवडली. घरात आणि वावरात लेवा बोली, कार्यालयात कारकून प्रमाण बोलतो आणि ती आपलं बोलते, मालबाबूशी आणि व्यापाऱ्याशी मोडकंतोडकं हिंदी. सावद्याच्या शिक्षिकांनी प्रत्येक ओळ बोलून फोनवर रेकॉर्ड केली, मास्तरांनी ऐकून पुन्हा लिहिली. वाचताना बरोबर वाटलेली बरीच वाक्यं त्यांच्या तोंडात बसेनात, ती पडली.

लांबी. एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशोब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक अक्षरावर बसवलेला आहे. मराठी युनिकोडमध्ये फाँट बदलला की पानं बदलतात. शिवाय या पटकथेत बोलणं कमी आणि चालणं जास्त. म्हणून आम्ही घड्याळ लावून वाचलं, चालण्याच्या जागी खरंच थांबून. एकशे चार पानांचा खर्डा दोन तासांच्या थोडा पुढे गेला. दोन वाचणारे कमी केले, त्यातला एक मास्तरांचा फार लाडका होता, पोस्टमन.

निर्णयाच्या जागा, आणि आज घेतला तर

सगळ्यात आधी, वर्गाची मांडणी. मी रचना दुसऱ्या रविवारी आणि हक्क नवव्या रविवारी ठेवले होते, कारण रचनेला माणसं उत्साहाने येतात आणि हक्कांच्या दिवशी जांभया देतात. रूपांतराच्या वर्गात हा क्रम उलटाच हवा. पहिल्या रविवारी प्रत्येकाच्या मूळ साहित्याचा हक्क कोणाकडे आहे हे विचारलं असतं तर चौदापैकी निदान पाच जणांनी वेगळं साहित्य निवडलं असतं. रोजनिशीवाल्याच्या तीन आत्या होत्या, हे आम्हाला आठव्या रविवारी कळलं. पुढच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी पुस्तकाचं आतलं पान उघडायला लावलं.

तीन अंक शिकवायचे की नाही, यावर माझं मत अजून पक्कं नाही. ते मास्तरांच्या गळ्यात मी अडकवले हे खरं. पण शेवटच्या खर्ड्यातही वळणं आहेत, बिल्टीच्या प्रत्येक वाचनाला एक. फरक एवढाच की ती कथेच्या आतून आली. आता मी फळा दुसऱ्या रविवारी नाही, पेन्सिलींनंतर काढतो.

शेवट बदलण्याबद्दल वर्गात शेवटपर्यंत दोन तट होते. एका तरुणाचं म्हणणं, वारसांनी शेवटावर हात ठेवला तर तो रूपांतरकार कसला, नकलनवीस. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ताईंनी बिल्टीलाही नकार दिला असता तर मी मास्तरांना करारातून बाहेर पडायला सांगितलं असतं. म्हणूनच करारात "पटकथेतल्या बदलांना वारसांची संमती आवश्यक" अशी ओळ नको, असा माझा सल्ला होता. मास्तरांनी तो ऐकला नाही. त्यांनी ताईंसाठी एक कलम घातलं: शेवट बदलल्यास तिघांची लेखी संमती. मला तेव्हा ते घातक वाटलं.

निष्पत्ती

चौथा खर्डा पूर्ण झाला, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी केली. मुंबईतल्या एका निर्मात्याने दोनदा नॅरेशन, म्हणजे पटकथेचं तोंडी कथन, ऐकलं. दुसऱ्या वेळी त्याने दोन बदल सुचवले: गोष्ट कोकणात नेऊ, आणि नवरा परत येऊ दे. एरवी अशा वेळी नवा लेखक खाली बघून मान हलवतो. मास्तरांनी करारातलं ते कलम दाखवलं आणि म्हणाले, दुसऱ्यासाठी तीन सह्या लागतील, आणि पहिल्यासाठी कोकणात केळीची वॅगन शोधावी लागेल. बैठक तिथेच संपली. मी घातक म्हटलेलं कलम त्या दिवशी त्यांच्या कामी आलं, हे कबूल करायला हवं. निर्मात्याचा मात्र पुन्हा फोन आला नाही.

नाशिकच्या एका छोट्या गटाने आता पटकथा मागून घेतली आहे. पैशांचं बोलणं अजून झालेलं नाही. दरम्यान अठरा महिने संपत आले, म्हणून मुदतवाढीचा कागद तयार केला. थोरल्या भावाची आणि ताईंची सही झाली आहे. ताईंनी यावेळी आगाऊ रक्कम घेतली नाही, त्याऐवजी छापील पटकथेची एक प्रत मागितली. तिसरी सही सुरतहून यायची आहे. पोस्टाने कशाला, आखाजीला गावी येतो तेव्हा करतो, असा धाकट्यांचा निरोप आहे.